फेब्रुवारीत गप्प बसलेल्यांना, आणि सप्टेंबरात गप्प बसलेल्यांनाही

नमस्कार मंडळी,

पत्र कोणाला लिहितेय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर "हे माझ्यासाठी नाही, त्या पलीकडच्यांसाठी आहे" म्हणायला जागा राहणार नाही. इराणच्या पोरींनी हिजाब जाळले तेव्हा ज्यांचं रक्त सळसळलं, पण कर्नाटकात हिजाब घातला म्हणून पोरींना कॉलेजच्या गेटबाहेर उभं केलं तेव्हा ज्यांना "नियम म्हणजे नियम" हे एकदम आठवलं, त्यांना हे पत्र आहे. आणि कर्नाटकाच्या वेळी "तिचं शरीर, तिची मर्जी" म्हणून ज्यांनी रान उठवलं पण तेहरानची बातमी आल्यावर ज्यांना "तिथलं राजकारण वेगळं आहे, अमेरिकेचा काय डाव आहे तेही बघायला पाहिजे" असं सुचायला लागलं, त्यांनाही आहे. आणि थोडं मलाही आहे, कारण मी पहिल्या गटातली. फेब्रुवारीत मी काही बोलले नव्हते. सप्टेंबरात मात्र चांगली तावातावाने बोलत होते, आणि तेव्हा एकीने मला शांतपणे विचारलं की मग फेब्रुवारीत कुठे होतीस गं. उत्तर नव्हतं माझ्याकडे. म्हणजे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

2022 हे एकच वर्ष घेऊ, बाकी इतिहासात नंतर जाऊच. 5 फेब्रुवारीला कर्नाटक सरकारचा युनिफॉर्मबद्दलचा आदेश निघाला, उडुपीच्या ज्युनिअर कॉलेजमधला वाद तोवर राज्यभर पेटलेला होता, आणि मग ते व्हिडिओ आले ज्यात शाळेच्या गेटवरच मुलींना आणि चक्क शिक्षिकांनाही बुरखा काढून आत जा म्हणून सांगत होते, रस्त्यावर, कॅमेऱ्यासमोर, येणारेजाणारे बघतायत. 15 मार्चला हायकोर्टाने आदेश योग्य ठरवला. मग 7 मे ला तालिबानचं फर्मान आलं की अफगाणिस्तानात बाईने बाहेर पडताना चेहरासुद्धा झाकायचा, आणि नाही झाकला तर शिक्षा कोणाला, तर तिच्या बापाला, नवऱ्याला, भावाला, आधी समज मग तुरुंग, सरकारी नोकरी असेल तर तीही जाणार. आणि सप्टेंबरात इराण. महसा अमिनी, वय 22, साक्केझ गावची कुर्दी मुलगी, 13 तारखेला तेहरानमध्ये हिजाब नीट नाही म्हणून तिथल्या गश्त-ए-इर्शादने, म्हणजे बायकांच्या कपड्यांवर नजर ठेवणाऱ्या पोलिसांनी, उचललं, 16 ला गेली. त्यानंतर महिनोन्‌महिने देश रस्त्यावर होता आणि मानवाधिकार संघटनांच्या मोजणीनुसार पाचशेच्या वर माणसं मारली गेली.

आता यातला सगळ्यात बोचणारा तुकडा सांगते. महसा गेली त्याच आठवड्यात दिल्लीत सुप्रीम कोर्टात कर्नाटकच्या हिजाबची सुनावणी चालू होती, आणि तिथे सरकारी बाजूने युक्तिवादात इराणच्या बायकांचा दाखला दिला गेला, की बघा, तिथे तर बायका हिजाबविरुद्ध लढतायत. जी पोरगी सरकारने डोक्यावरच्या कपड्यात नाक खुपसलं म्हणून जिवानिशी गेली, तिच्याच नावाने निघालेल्या आंदोलनाचा पुरावा कशासाठी, तर दुसऱ्या एका सरकारला मुलींच्या डोक्यावरच्या कपड्यात नाक खुपसता यावं यासाठी! मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा हसू आलं आणि मग फार वेळ काही सुचलं नाही.

इराणच्या बायका हिजाबविरुद्ध लढतायत हे वाक्यच मुळात अर्धवट आहे. त्या सक्तीविरुद्ध लढतायत. 2022 च्या त्या मोर्च्यांमध्ये डोकं झाकलेल्या बायकाही होत्या, स्वतःच्या मर्जीने झाकलेल्या, आणि त्या "झन, जेंदेगी, आझादी" ओरडत होत्या. बाई, जगणं, स्वातंत्र्य. त्या तीन शब्दांत कपडा कुठेच नाहीये.

इराणची गोष्ट तर अशी आहे की ती एकटीच पुरेशी आहे, दुसरं उदाहरण द्यायलाच नको. 8 जानेवारी 1936 ला तिथला राजा रझा शाह याने पडदा बंद केला, राणी आणि राजकन्या उघड्या डोक्याने समारंभाला आल्या, देश आधुनिक झाला असं जाहीर झालं. आणि मग पोलिसांनी रस्त्यात बायकांच्या चादोर, म्हणजे डोक्यावरून अंगभर घ्यायची वस्त्रं, ओढायला सुरुवात केली. कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं, हमामात, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, जायचं तर गल्लीतून जाता येईना म्हणून गच्च्यांवरून जायच्या अशा आठवणी सांगितल्या जातात. 1941 मध्ये शाहला गादी सोडावी लागली तेव्हा कुठे ते थांबलं. पुढे 1979 ची क्रांती झाली, आणि महिन्याभरात, 7 मार्चला, क्रांतीचे धर्मगुरू नेते खोमेनी यांनी सांगितलं की सरकारी कचेऱ्यांत बायका हिजाबशिवाय नकोत. दुसऱ्या दिवशी 8 मार्च, महिला दिन, तेहरानमध्ये हजारो बायका रस्त्यावर आल्या, पुढचे काही दिवस येतच राहिल्या, आणि त्यांच्यावर धावून येणारे पुरुष ओरडत होते "या रुसरी या तुसरी", म्हणजे एकतर डोक्यावर रुमाल नाहीतर डोक्यात तडाखा. त्यावेळी पुरोगामी पक्षांनी काय केलं माहितीये? बहुतेकांनी या बायकांना सांगितलं की आत्ता ही वेळ नाही, आधी साम्राज्यवाद महत्त्वाचा, कपड्यांचं काय घेऊन बसलात. दुसऱ्या गटातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं वाटतंय का? 1983 पर्यंत कायदा पक्का झाला, डोकं न झाकणाऱ्या बाईला 74 फटक्यांपर्यंत शिक्षा.

हिशोब करून बघा. 1936 मध्ये वीस वर्षांची असलेली बाई 1983 मध्ये सदुसष्ट वर्षांची. तिच्या तरुणपणी एका पोलिसाने तिच्या डोक्यावरचं ओढून काढलं, आणि म्हातारपणी दुसऱ्या पोलिसाने तेच डोक्यावर घे म्हणून दम दिला. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत तिला कोणी विचारलंच नाही की बाई गं, तुला काय हवंय. दोन्ही पोलिसांची खात्री होती की आपण तिचं भलं करतोय.

शेजारच्या तुर्कस्तानचं आपल्याकडे फारसं बोललं जात नाही कारण ते दोन्ही गटांना अडचणीचं आहे. तिथे 1980 च्या लष्करी उठावानंतर विद्यापीठांत डोक्यावरच्या रुमालाला बंदी आली आणि 1997 नंतर ती फारच कडक झाली, इतकी की इस्तंबूल विद्यापीठात मुलींना रुमाल काढायला पटवण्यासाठी वेगळ्या खोल्या होत्या, "पटवणीच्या खोल्या" म्हणूनच त्या ओळखल्या जायच्या. 1999 च्या मे महिन्यात निवडून आलेली खासदार मेर्वे कावाकची रुमाल बांधून संसदेत आली तर तिला शपथ घेऊ दिली नाही, पुढे नागरिकत्वही काढून घेतलं. लोकांनी निवडून दिलेली बाई! एका मेडिकलच्या विद्यार्थिनीची केस युरोपियन मानवाधिकार कोर्टापर्यंत गेली आणि 2005 मध्ये कोर्टाने बंदीच उचलून धरली. विद्यापीठांतली बंदी 2010 च्या आसपास सुटली आणि सरकारी नोकऱ्यांतली 2013 मध्ये, तीसेक वर्षं गेली, आणि ज्या मुलींचं शिक्षण तेव्हा सुटलं त्यांचं काय. त्या काळात मुस्लिम बायकांच्या मुक्तीची काळजी करणारे जगभर भरपूर होते की. पण या मुली त्यांच्या हिशोबात बसत नव्हत्या, कारण त्यांना "सोडवायचं" कोणापासून, तर आधुनिक सेक्युलर सरकारपासून, आणि ते तर आपल्या बाजूचं.

ही काळजी जुनी आहे बरं. लॉर्ड क्रोमर म्हणून एक गृहस्थ होते, 1883 ते 1907 इजिप्तचा कारभार ब्रिटिशांच्या वतीने त्यांच्या हातात. इजिप्तच्या बायकांचा बुरखा म्हणजे त्या समाजाच्या मागासपणाचं मूळ आहे असं त्यांचं ठाम मत. किती कळवळा! आणि हेच क्रोमर साहेब इंग्लंडला परत गेल्यावर काय करत होते, तर बायकांना मताचा अधिकार मिळू नये म्हणून काढलेल्या पुरुषांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. म्हणजे कैरोच्या बाईचा चेहरा उघडा पाहिजे पण लंडनच्या बाईचं तोंड बंद पाहिजे. मला हा माणूस फार आवडतो, कारण इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडत नाही. 1958 च्या मे महिन्यात अल्जीअर्समध्ये फ्रेंच लष्कराच्या आशीर्वादाने जाहीर समारंभ झाले, अल्जेरियन बायकांचे बुरखे स्टेजवर उतरवले, फ्रेंच बायकांनी मदत केली, टाळ्या वाजल्या, आणि बाहेर त्याच देशात फ्रेंच सैन्य अल्जेरियन लोकांना कोठडीत छळत होतं, त्यात बायकाही होत्या. मग 2001 चा नोव्हेंबर, अफगाणिस्तानात बॉम्ब पडतायत आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश रेडिओवर सांगतायत की दहशतवादाविरुद्धची लढाई ही बायकांच्या हक्कांचीही लढाई आहे. वीस वर्षांनी सैन्य परत गेलं तेव्हा त्या बायका कोणाच्या भरवशावर सोडल्या हे आपण बघितलंच. सहावीच्या पुढे मुलींना शाळा नाही, डिसेंबर 2022 पासून विद्यापीठ नाही. आणि त्याच 2001 नंतरच्या काळात सौदीत काय होतं? मार्च 2002 मध्ये मक्केत मुलींच्या शाळेला आग लागली, 15 मुली गेल्या, आणि सौदीच्याच वर्तमानपत्रांत छापून आलं की मुलींनी अंगभर झाकलेलं नाही म्हणून धर्मपोलिसांनी सुटकेत अडथळा आणला. त्यासाठी कोणी कोणावर चाल करून गेलं नाही, अमेरिकेचे तेलाचे जुने मित्र होते ते.

आता दुसऱ्या गटाने खूश व्हायचं कारण नाही, कारण हाच खेळ उलट बाजूनेही तितक्याच सफाईने चालतो. फेब्रुवारी 2022 मध्ये पाकिस्तानने इस्लामाबादमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलावून कर्नाटकच्या हिजाबबद्दल निषेध नोंदवला. छान. पण चीनने शिनजियांग या उइघुर मुस्लिमांच्या प्रांतात एप्रिल 2017 पासून लागू केलेल्या नियमांत चेहरा झाकणारा बुरखा आणि "असाधारण" दाढी दोन्हीला बंदी घातलेली आहे, आणि 2019 च्या जुलैत जेव्हा चीनच्या शिनजियांग धोरणाची पाठराखण करणारं पत्र 37 देशांनी संयुक्त राष्ट्रांना दिलं तेव्हा त्यावर पाकिस्तानची सही होती आणि सौदीचीही. म्हणजे उडुपीच्या मुलीचा हिजाब हा उम्मतच्या, म्हणजे जगभरच्या मुस्लिम समाजाच्या, इज्जतीचा प्रश्न आणि शिनजियांगची राजधानी उरुमचीच्या बाईचा बुरखा हा चीनचा अंतर्गत मामला. ताजिकिस्तान घ्या, नव्वद टक्क्यांहून जास्त मुस्लिम असलेला देश, तिथे जून 2024 मध्ये "परक्या संस्कृतीच्या" कपड्यांवर बंदीचा कायदा झाला, रोख सगळा हिजाबवर, दंडासकट. फ्रान्सने काही केलं की जे मोर्चे निघतात तसले मोर्चे ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेसाठी कुठे निघाल्याचं ऐकलंय का कोणी? मी तरी नाही. आणि इंडोनेशियात 2021 मध्ये पादांगच्या एका सरकारी शाळेने ख्रिश्चन मुलीलाही हिजाब घालायला लावला, मोठा बोभाटा झाला, सरकारने आदेश काढला की शाळांना अशी सक्ती करता येणार नाही, आणि काही महिन्यांत तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो आदेशच रद्द केला. ही बातमी दोन्ही गटांनी वाचलेली नसते. एकाला वाटतं सक्ती म्हणजे फक्त इराण-अफगाणिस्तान, दुसऱ्याला वाटतं सक्ती अशी काही नसतेच, सगळं आपखुशीने.

फ्रान्सबद्दल लिहायचंय, कारण तिथे हे सगळं फार सभ्य भाषेत होतं. 2004 चा शाळेचा कायदा, त्यात ठळक दिसणारी धार्मिक चिन्हं बंद, शीख मुलांच्या पगड्याही त्यात गेल्या. मग 2010 चा चेहरा झाकण्यावरचा कायदा, एप्रिल 2011 पासून लागू, दंड 150 युरो. तेव्हा सरकारचाच अंदाज होता की अख्ख्या देशात चेहरा झाकणाऱ्या बायका दोनेक हजार असतील. पुढे 2020 मध्ये कोविड आला, मास्क सक्तीचा झाला, आणि मास्क नसेल तर दंड 135 युरो. कायदे दोन्ही एकाच वेळी जिवंत! म्हणजे नाकतोंड कापडाने झाकलं नाही तर 135 आणि कापडाने झाकलं तर 150, फरक फक्त कापड कोणत्या कारणाने बांधलंय याचा. 2010 च्या कायद्यात आजारपणासाठी सूट आहे हे मला माहितीये, कायद्याच्या दृष्टीने विसंगती नाही म्हणतील. पण तो कायदा करताना कारण काय दिलं होतं, तर समाजात एकत्र राहायचं तर चेहरा दिसायलाच हवा, त्याशिवाय माणसामाणसातलं नातंच होत नाही. युरोपियन कोर्टाने 2014 मध्ये हेच "एकत्र राहणं" मान्य केलं (2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने मात्र दोन बायकांच्या तक्रारीवर फ्रान्सने हक्कभंग केला असं म्हटलं, पण ते कोण लक्षात ठेवतं). दोन-अडीच वर्षं सगळे मास्कमध्ये वावरले, एकत्रही राहिले, काही कोसळलं नाही.

आणि स्वित्झर्लंडने तर कमालच केली. मार्च 2021 मध्ये सार्वमत घेतलं, 51.2 टक्के लोकांनी चेहरा झाकण्यावर बंदीला होकार दिला, आणि देशभरात नकाब, म्हणजे फक्त डोळे उघडे ठेवणारा पडदा, घालणाऱ्या बायका किती असाव्यात याचा एका विद्यापीठाचा अंदाज होता साधारण तीसेक. तीस बायकांसाठी राज्यघटनेत दुरुस्ती. बायकांना मताधिकार द्यायला याच देशाला 1971 उजाडावं लागलं होतं, हे आपलं जाता जाता.

खेळाचं बघा म्हणजे माझा मुद्दा अजून नीट कळेल. 2018 मध्ये आपली बुद्धिबळपटू सौम्या स्वामीनाथनने इराणमधल्या आशियाई स्पर्धेतून माघार घेतली, तिथे डोकं झाकण्याची सक्ती होती म्हणून. आपण सगळ्यांनी तिचं कौतुक केलं आणि बरोबरच केलं, खेळाडूला काय घालायचं ते दुसऱ्या देशाच्या सरकारने का सांगावं. पण त्याच्या सात वर्षं आधी, जून 2011 मध्ये, जॉर्डनमधल्या अम्मानमध्ये इराणच्या महिला फुटबॉल संघाला ऑलिंपिक पात्रतेच्या मॅचला मैदानात उतरूनही खेळू दिलं नव्हतं कारण फिफाच्या नियमात त्यांचा डोक्यावरचा कपडा बसत नव्हता. त्या मुलींचे मैदानावर रडतानाचे फोटो आहेत. विचार करा जरा, डोकं झाकलं नाही तर घरचं सरकार खेळू देणार नाही, झाकलं तर बाहेरची संघटना खेळू देणार नाही, आणि दोघंही तिच्याकडे बोट दाखवून म्हणणार की आम्ही तत्त्वाला धरून आहोत. फिफाने तो नियम 2014 ला पूर्णपणे बदलला. पण फ्रान्सच्या फुटबॉल संघटनेने स्वतःची बंदी ठेवलीच आणि जून 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने ती मान्यही केली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बाकी देशांच्या मुली हिजाब घालून खेळू शकत होत्या, फक्त यजमान फ्रान्सच्या मुली नाही, त्यांची धावपटू सुनकाम्बा सिला हिला उद्घाटन सोहळ्यात डोक्यावर टोपी घालून जायची तडजोड करावी लागली. सौम्याला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी सिलासाठी किती जणांनी वाजवल्या? आणि सिलासाठी बोलणाऱ्यांपैकी किती जणांना इराणची क्लाइंबिंग खेळाडू एल्नाझ रेकाबी आठवते, जी ऑक्टोबर 2022 मध्ये सोलच्या स्पर्धेत रुमालाशिवाय भिंत चढली आणि नंतर तिला "चुकून पडला" असं सांगत माफी मागावी लागली?

त्याच ऑक्टोबरात फ्रान्सच्या मोठमोठ्या अभिनेत्रींनी कॅमेऱ्यासमोर आपल्या केसांच्या बटा कापून इराणच्या बायकांना पाठिंबा दिला. त्यात ज्युलिएट बिनोश होती, मारियॉ कोतियार होती. मी त्यांना नावं ठेवत नाहीये, चांगलंच केलं. फक्त पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2023 मध्ये, त्यांच्याच देशात शाळांमध्ये अबायावर बंदी आली, अबाया म्हणजे पायघोळ सैल झगा, आणि मुलीचा झगा नुसता लांब आहे की "धार्मिक" लांब आहे हे शाळेच्या दारात कोणीतरी ठरवायचं. तेव्हा कात्री बाहेर निघाली नाही.

आता तुमची उत्तरं मला माहितीयेत, कारण त्यातली निम्मी मी स्वतः दिलेली आहेत.

पहिलं म्हणजे "दोन्ही सारखं कसं, तिथे जीव जातो, इथे फक्त दंड होतो नाहीतर वर्गाबाहेर बसावं लागतं". मान्य. शंभर टक्के मान्य, आणि जो कोणी पॅरिसचा दंड आणि तेहरानची कोठडी एका पारड्यात टाकतो त्याच्याशी मला वादच घालायचा नाही. 16 वर्षांची अर्मिता गेरावंद, डोकं न झाकता निघालेली, ऑक्टोबर 2023 मध्ये तेहरान मेट्रोत कोसळली आणि परत उठली नाही. नसरीन सुतुदेह या वकील बाईंनी रुमाल काढणाऱ्या मुलींची वकिली केली म्हणून 2019 मध्ये 38 वर्षं आणि 148 फटके एवढी शिक्षा ठोठावली गेली. याची बरोबरी कशाशीच होत नाही. पण म्हणून लहान अन्यायावर गप्प बसायचं हे कुठलं गणित? आणि ज्या मुलीची परीक्षा बुडली तिला जाऊन सांगा ना, की इराणमध्ये तर मारतात, तुझं नशीब चांगलं.

दुसरं उत्तर जास्त अवघड आहे. "ती मर्जीने घालते कशावरून? घरच्यांचा दबाव असतो, लहानपणापासून मनावर बिंबवलेलं असतं." यात तथ्य आहे, दबाव असतोच, आणि दुसऱ्या गटातले लोक हे कधी मोठ्याने कबूल करत नाहीत याचा मला राग आहे. सात-आठ वर्षांच्या पोरीचं डोकं झाकलेलं बघितलं की मलाही आत कुठेतरी टोचतं, तिला कसली आलीय मर्जी. पण समजा ती खरोखर जबरदस्तीखालीच आहे. मग कायद्याने काय केलं? ज्या मुलीला बाप रुमालाशिवाय घराबाहेर सोडत नाही आणि शाळा रुमालासकट आत घेत नाही, ती कुठे असणार? घरात. बापाचं काही बिघडलं नाही, शाळेचंही नाही. फ्रान्सच्या 2010 च्या कायद्यात बाईवर सक्ती करणाऱ्याला एक वर्ष कैद आणि 30,000 युरो दंड आहे, कागदावर अगदी योग्य आहे, पण रस्त्यावरच्या पोलिसाला पावती फाडायला समोर कोण दिसते, तीच दिसते. तिला वाचवायला काढलेल्या कायद्यात पावती तिच्याच नावाची.

सुप्रीम कोर्टात 13 ऑक्टोबर 2022 ला निकाल दोन न्यायमूर्तींत विभागून आला, त्यातल्या न्यायमूर्ती सुधांशू धुलियांनी जे म्हटलं ते मला सगळ्या गदारोळात एकमेव शहाणपणाचं वाटलं, की हा शेवटी निवडीचा प्रश्न आहे आणि आपल्या मनात सगळ्यात वरती मुलींचं शिक्षण होतं. दुसरे न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी सरकारचा आदेश योग्य ठरवला. त्याआधी हायकोर्टात बराच खल कशावर झाला, तर हिजाब इस्लामचा अत्यावश्यक भाग आहे की नाही. म्हणजे धर्मग्रंथ उघडले, अर्थ लावले. मुलगी तिथेच होती, तिला विचारायचं राहिलं. गंमत म्हणजे तेहरानच्या मौलवींचंही तेच चालतं, ग्रंथ काय म्हणतो ते बघायचं, उत्तर फक्त उलटं येतं.

तिसरं उत्तर असतं सुरक्षेचं आणि ओळख पटवण्याचं. विमानतळावर, बँकेत, परीक्षेच्या हॉलमध्ये चेहरा दाखवा म्हटलं तर त्यात काही चूक नाही, दोन मिनिटांचं काम आहे आणि बाई कर्मचारी असली की भांडणही होत नाही. पण डोक्यावरच्या रुमालाने चेहरा झाकत नाही हो! हिजाब, नकाब, बुरखा, चादोर, अबाया हे पाच वेगवेगळे कपडे आहेत आणि चर्चा करणाऱ्या दहातल्या आठ लोकांना त्यातला फरक सांगता येत नाही, आणि मत मात्र पाचांवरही असतं.

मला वाटतं दोन्ही गटांना एकच गोष्ट जमत नाही. त्यांना बाई दिसायच्या आधी सरकार दिसतं. कायदा करणारं सरकार नावडतं असेल तर ती बाई पीडित, आवडतं असेल तर ती आडमुठी, नाहीतर कोणाच्या तरी हातातलं बाहुलं. मी फेब्रुवारीत गप्प का होते, तर मला खरंच हिजाब आवडत नाही, आजही आवडत नाही, आणि मला वाटायचं की त्या मुलींच्या बाजूने बोललं म्हणजे हिजाबच्या बाजूने बोलल्यासारखं होईल. एवढंच कारण. लाज वाटते पण एवढंच. माझ्या आवडीनावडीचा त्या मुलींच्या हजेरीशी काय संबंध होता?

तर पुढच्या वेळेचं बोलू, कारण पुढची वेळ येणारच आहे. इराणने डिसेंबर 2024 मध्ये अजून कडक कायदा आणायचं ठरवलं आणि लोकांच्या धास्तीने लांबणीवर टाकला, तो कधीही परत येऊ शकतो. स्वित्झर्लंडची बंदी 1 जानेवारी 2025 पासून लागू झालीये, दंड हजार फ्रँकपर्यंत. तालिबानने ऑगस्ट 2024 च्या कायद्यात चेहऱ्याच्या पुढे जाऊन बाईचा आवाजसुद्धा झाकायच्या यादीत टाकला. यातल्या तुमच्या सोयीच्या बातमीवर तुम्ही बोलालच, त्याबद्दल मला काळजी नाही. मी विचारतेय ते गैरसोयीच्या बातमीचं. पहिल्या गटातल्यांनो, एखाद्या मुलीला रुमालामुळे परीक्षेला बसू दिलं नाही तर तुम्ही त्या कॉलेजला एक ओळ लिहाल का? दुसऱ्या गटातल्यांनो, एखादीने रुमाल काढला म्हणून तिला उचललं तर "पण" न लावता एक वाक्य बोलाल का, फक्त एक, ज्यात अमेरिका येत नाही?

मला त्या दिवशी जिने विचारलं होतं ना, फेब्रुवारीत कुठे होतीस म्हणून, ती स्वतः हिजाब घालते. आणि सप्टेंबरात महसासाठी ती माझ्या आधी बोलली होती.

तुमचीच,
फेब्रुवारीत गप्प बसलेली एक